लंडनहून इंग्लंडला: आमची रेडिंगमधली दोन वर्षं

आम्ही लंडनचे. म्हणजे कॅनडातल्या लंडनचे, ऑन्टारिओमधलं, टोरांटोपासून गाडीने दोनेक तास. तिथेही थेम्स नावाची नदी आहे, कोव्हेंट गार्डन नावाचं मार्केट आहे, ऑक्सफर्ड स्ट्रीट आहे, पिकॅडिली स्ट्रीट पण आहे. १७९३ मध्ये सिम्को नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या नदीला थेम्स म्हणायला सुरुवात केली, त्याआधी तिथल्या अनिशिनाबे लोकांचं तिला स्वतःचं नाव होतं, देशकान झीबी, म्हणजे हरणाच्या शिंगांची नदी. हे सगळं मुलांना शाळेत शिकवलेलं, त्यामुळे २०२३ च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या कंपनीने दोन वर्षांसाठी इंग्लंडला जाणार का असं विचारलं आणि आम्ही हो म्हटलं, तेव्हा लेकीचा पहिला प्रश्न होता, "मग आपण खऱ्या थेम्सवर राहणार का?" आणि खरंच तसंच झालं, रेडिंगमध्ये कॅव्हरशॅमच्या बाजूला घर मिळालं, नदीपासून सात मिनिटांवर.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण पहिले दोन महिने त्यातच गेले. कॅनडाचा पासपोर्ट असला तरी राहायला आणि काम करायला व्हिसा लागतोच, आणि व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, आधीच भरायचा. आम्ही गेलो तेव्हा तो मोठ्या माणसाला वर्षाला ६२४ पौंड आणि मुलाला ४७० होता, चौघांचे दोन वर्षांचे ४३७६ पौंड झाले, कंपनीने भरले म्हणून निभावलं. २०२४ च्या फेब्रुवारीत तो १०३५ आणि ७७६ झाला, त्यामुळे आता कोणी जाणार असेल तर कंपनीशी हे आधी बोलून घ्या, नंतर नाही.

घर भाड्याने घेताना आमचा कॅनडातला बारा वर्षांचा क्रेडिट रेकॉर्ड तिथे शून्य धरला गेला. एजंट म्हणाला सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या, दिलं, दुसरा इलाज नव्हता. डिपॉझिट मात्र पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही असा कायदा आहे, आणि ते सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, हे एका मैत्रिणीने सांगितलं होतं म्हणून आम्ही ठाम राहू शकलो. मग कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, जो ऑन्टारिओत घरमालक भरतो आणि इथे भाडेकरू भरतो, मग टीव्ही लायसन्स, मग डॉक्टरकडे नाव नोंदवणं. गाडीचं लायसन्स पहिलं वर्षभर कॅनडाचं चालतं, पुढे बदलून घ्यायला पोस्टातून डी-वन फॉर्म आणायचा, ४३ पौंड भरायचे, परीक्षा नाही. पण बदलून मिळतं ते फक्त ऑटोमॅटिकचं, मॅन्युअलवर परीक्षा दिल्याचा पुरावा असेल तरच मॅन्युअलचं. नवऱ्याने साताऱ्यात गिअरची गाडी वर्षानुवर्षं चालवलेली, ती कुठेच धरली नाही.

आता मिक्सर. माझ्या लग्नात आईने दिलेला साडेसातशे वॅटचा मिक्सर २०११ पासून आमच्या कॅनडातल्या बेसमेंटमध्ये खोक्यात पडून होता, कारण तिथे वीज ११०-१२० व्होल्टची, त्याच्यावर तो नुसता घुमायचा, खोबरं काही वाटायचा नाही. टाकवत पण नव्हता. इंग्लंडला निघताना लक्षात आलं की तिथे भारतासारखी २३० व्होल्टची लाईन आहे, म्हणून बॅगेत कपडे कमी करून तो घेतला. पहिल्या रविवारी ॲडॉप्टर लावला, सॉकेटलाच बटण असतं आपल्याकडच्यासारखं, ते खाली दाबलं, आणि तो आवाज आला, पूर्ण जोराने, सकाळी आईच्या स्वयंपाकघरातून यायचा तोच. मी ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर घालून चटणी वाटली आणि भांडं हातात धरून तशीच उभी राहिले थोडा वेळ. बारा वर्षांनी. त्याच आठवड्यात कॅनडाहून आणलेला राईस कुकर नवऱ्याने त्याच ॲडॉप्टरला लावला, तो दोन मिनिटांत जळाल्याच्या वासासकट बंद पडला. दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट उष्णता, ॲडॉप्टर फक्त पिन बदलतो, वीज नाही. कॅनडातून जाणाऱ्यांनी तापणारी कुठलीही वस्तू नेऊ नका.

शाळेचं गणित वेगळंच निघालं. ऑन्टारिओत वर्ग जानेवारी ते डिसेंबर जन्मावर ठरतो, इंग्लंडमध्ये सप्टेंबर ते ऑगस्ट. ऑक्टोबर २०१४ ची लेक तिथे ग्रेड फोर आणि इथे इयर फोर, पण मार्च २०१८ चा धाकटा तिथे किंडरगार्टनमध्ये वाळूत खेळणारा आणि इथे एकदम इयर वन, युनिफॉर्म, वाचन, जूनमध्ये फोनिक्सची परीक्षा. त्या परीक्षेत ४० शब्द वाचायचे, त्यातले निम्मे मुद्दाम अर्थ नसलेले, म्हणजे पाठ करून चालणार नाही, अक्षरं जोडूनच वाचता आलं पाहिजे. पहिले सहा आठवडे तो रोज रात्री पोट दुखतं म्हणायचा. मला फार वाईट वाटायचं, परत जावं का असंही एकदा बोलले मी. त्याच्या बाईंनी मात्र खूप सांभाळून घेतलं, हेही सांगायला हवं.

आणि लेकीला पाढे. इयर फोरच्या मुलांची जूनमध्ये देशभर पाढ्यांची परीक्षा असते, कॉम्प्युटरवर २५ गणितं, प्रत्येकाला सहा सेकंद, बारा बारापर्यंत. कॅनडात तिला पाढे कधी पाठ करायलाच लावले नव्हते, सातआठ्ठे छप्पन्न ती बोटांवर करायची. इथे मदतीला आली माझी आई. आई साताऱ्याला असते. ऑन्टारिओत मुलं साडेतीनला शाळेतून यायची तेव्हा साताऱ्यात रात्रीचा एक वाजलेला असायचा, त्यामुळे आजी म्हणजे रविवारी सकाळी दहा मिनिटं फोनमध्ये दिसणारी बाई. रेडिंगहून मात्र साडेतीन म्हणजे तिकडे रात्रीचे आठ, हिवाळ्यात नऊ. आईचं जेवण झालेलं, मालिका संपलेली. रोज पाऊण तास. "बे एके बे" पासून सुरू केलं, इंग्रजीतून सुद्धा नाही, मराठीतूनच, कारण आई म्हणाली पाढ्याला चाल लागते आणि इंग्रजी पाढ्याला चाल नाही. लेक परीक्षेत मनातल्या मनात मराठीत म्हणायची आणि आकडा टाईप करायची. बावीस आले बरोबर. पण माझ्यासाठी त्या बावीसपेक्षा मोठी गोष्ट ही की तिला आता आजीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुठलं चित्र आहे ते माहीत असतं. हे पाच तासांचं अंतर कमी होणं, ह्याचा आम्ही निघताना विचारही केला नव्हता.

फिरण्याकडे वळते. पहिले काही वीकेंड आम्ही कॅनेडियन पद्धतीने फिरलो, म्हणजे शनिवारी गाडीत बसायचं आणि अडीच तास चालवायचं. स्टोनहेंज झालं, बाथ झालं. पण इंग्लंडमध्ये अडीच तास म्हणजे बारीक रस्ते, प्रत्येक वळणावर राउंडअबाउट, मोटरवेवर तुंबलेली गाडी, आणि मागे दोन मुलं रडकुंडीला. सप्टेंबरच्या शेवटी शेजारच्या आजींनी (ऐंशीच्या असतील, रोज कुत्रा घेऊन नदीवर जायच्या) कुंपणावरून विचारलं की तुम्ही चालत का नाही जात? आणि आतून एक घडी घालून घालून फाटलेला नकाशा आणून दिला, ऑर्डनन्स सर्व्हे ह्या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर १५९. त्याच्यावर हिरव्या तुटक रेषा दाखवल्या, म्हणाल्या ह्या सगळ्या तुमच्या आहेत.

मला कळलं नाही, मी विचारलं, आमच्या म्हणजे? मग त्यांनी समजावलं की ह्या पायवाटा सार्वजनिक हक्काच्या आहेत. जमीन शेतकऱ्याची, पण वाट सगळ्यांची, शेकडो वर्षांपासून लोक जिथून चर्चला, बाजाराला, गिरणीला जात होते ती वाट बंद करायचा हक्क मालकाला नाही. इंग्लंड-वेल्स मिळून अशा साधारण सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आहेत. ऑन्टारिओत आम्ही राहतो तिथे मक्याच्या शेतात पाय टाकायची कोणाची हिंमत होत नाही, जागोजागी प्रवेश बंदच्या पाट्या. मला आठवली ती आजोळची पाणंद. दोन्हीकडे निवडुंग आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट, कोणाच्या सातबाऱ्यावर काय आहे ते कोणी विचारत नसे, पोरं त्याच वाटेने शाळेत जायची. नवऱ्याला म्हटलं, ही तर पाणंदच आहे, फक्त पाटी लावलेली.

पहिली वाट आम्ही केली पँगबर्न ते टाईलहर्स्ट, साधारण साडेसहा किलोमीटर. रेडिंगहून ट्रेनने पँगबर्नला जायचं, नदीच्या काठाने परत फिरायचं आणि टाईलहर्स्टला पुन्हा ट्रेन पकडायची, गाडी लागतच नाही. (फॅमिली रेलकार्ड तेव्हा वर्षाला ३० पौंडाला होतं, मोठ्यांना एकतृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के, दोनतीन फेऱ्यांत वसूल झालं.) गावाबाहेर पडताच एक गेट लागलं. लाकडी, अर्धगोल कठड्याच्या आत मागेपुढे हलणारं. त्यात शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, गेट स्वतःच्या अंगावरून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. माणूस एकेक करून जातो, गाय जाऊ शकत नाही, कडी नाही कुलूप नाही, उघडं राहण्याचा प्रश्नच नाही. त्याला किसिंग गेट म्हणतात. धाकटा त्यातून अकरा वेळा गेला, मोजलं मी. लाकूड वर्षानुवर्षांच्या हातांनी इतकं गुळगुळीत झालेलं की आमच्या साताऱ्याच्या वाड्याच्या उंबऱ्याची आठवण यावी.

पुढे कुरणात गाई. मुलं घाबरली, मी पण. शेजारच्या आजींनी सांगून ठेवलं होतं की वासरू असेल तर गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, पळायचं नाही, तसंच केलं. मग मेपलडरहॅमचं लॉक आलं, म्हणजे होडीला नदीच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी दोन दारांमधली जागा. एक होडी आत शिरली, मागचं दार बंद झालं, आणि पाणी हळूहळू उतरायला लागलं, होडीतले लोक आमच्याशी बोलता बोलता खाली खाली जात होते. लेकीने दोन्ही दारांचा, झडपांचा, पाण्याच्या पातळीचा पूर्ण हिशोब तिथेच काठावर बसून लावला आणि रात्री आजीला सांगितला. नदीवर अशी ४५ लॉक आहेत हे कळल्यावर तिने वहीत ४५ रकाने आखले. तिथून आमचा छंद सुरू झाला. महिन्यातून दोनदा थेम्सचा एक तुकडा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या आणि त्याच मिक्सरमधली चटणी, थर्मासमध्ये चहा. पाऊस असला तरी जायचं, हे इंग्लंडने शिकवलं, तिथे पाऊस थांबायची वाट बघितली तर बाहेर पडणंच होत नाही. चांगले बूट आणि पावसाळी पँट ह्यावर पैसे घाला, बाकी कशावर नाही घातले तरी चालतील.

पहिल्याच दिवशी धाकट्याने ओरडून दाखवलं होतं, काठावर कॅनडा गूज! आमच्याकडचीच ती काळ्या मानेची, पांढऱ्या गालाची मोठी हंसं. १७ व्या शतकात राजाच्या बागेसाठी आणलेली, आता सगळ्या इंग्लंडभर झाली आहेत. त्या शाळेच्या वाईट आठवड्यांत तो त्यांना बघायला रोज मागायचा. ती पण आपल्याकडून आलीत ना, असं विचारायचा. पोटदुखी कधी थांबली ते नेमकं नाही सांगता येणार, पण ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये हेंक वादळ आलं आणि नदी आमच्या बाजूच्या क्राइस्टचर्च मेडोजवर चढली. बाकांच्या फक्त पाठी वर दिसत होत्या, आणि जिथे मुलं क्रिकेट खेळायची तिथे हंसं पोहत होती. पाणी संथ, तपकिरी, आवाज नाही. मी कृष्णेचा पूर लहानपणी पाहिलेला, तो गर्जत येतो. हा पूर गुपचूप आला आणि दहाबारा दिवस बसून राहिला, मला तो जास्त भीतीदायक वाटला.

बाकी ठिकाणं भराभर सांगते. रेडिंग म्युझियममध्ये बायो टॅपेस्ट्रीची (नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्याची गोष्ट सांगणारा भरतकामाचा लांबलचक पट) व्हिक्टोरियन काळात बायकांनी भरतकाम करून केलेली पूर्ण लांबीची प्रत आहे, फुकट बघता येते, अवश्य बघा. फोर्बरी गार्डनमध्ये मैवंदच्या लढाईचा प्रचंड सिंह आहे, १८७९-८० च्या अफगाणिस्तानच्या मोहिमेत बर्कशायरच्या पलटणीचे ३२९ जण गेले त्यांचं स्मारक. मैवंदच्या लढाईत बॉम्बे आर्मीच्या देशी पलटणीही लढल्या आणि मेल्या, त्या सिंहावर त्यांची नावं नाहीत, हे मुलांना मी आवर्जून सांगितलं. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलेलं. नवरा तिथे बराच वेळ एका खिडकीशी उभा होता, मी काही विचारलं नाही. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आम्ही ऑक्टोबर २०२४ ला वाघनखं बघायला म्हणून गेलो तर ती तिथे नव्हतीच, जुलैमध्येच तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याच्या म्युझियमला, गेली होती. आईला फोन केला, आई म्हणाली, मी तर रांगेत उभी राहून बघून आले, तुम्ही कशाला तिकडे शोधताय. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच का ह्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, आईला तोही माहीत होता, तरी डोळ्यांत पाणी आलं म्हणाली.

एक गोष्ट मात्र लागली. नोव्हेंबरमध्ये भावाच्या मुलीचं लग्न होतं, शाळेने मुलांना रजा नाकारली. टर्ममध्ये न विचारता नेलं तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड, म्हणजे आमचे ३२०. दंडाचं नाही, पण रेकॉर्डवर अनधिकृत गैरहजेरी लागते. ऑन्टारिओत बाई "मजा करा, परत आल्यावर फोटो दाखवा" म्हणाल्या असत्या. शेवटी मी एकटी गेले, मुलांनी हळद फोनवर बघितली. मला हे अजून पटलेलं नाही.

उगमाला गेलो ते ऑगस्ट २०२४ मध्ये. केंबल स्टेशनला उतरून शेतांतून चालत थेम्स हेड. एका झाडाखाली दगड, त्यावर कोरलंय की इथे थेम्स नदीचा उगम. आणि समोर कोरडं गवत. पाण्याचा टिपूस नाही, उन्हाळ्यात तसंच असतं म्हणे. मुलं खड्ड्यात उतरून दगडगोटे उचकून बघत होती. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने सगळीकडे फोन फिरवायला लावला आणि विचारलं, "उगम आहे आणि देऊळ कुठाय?" आमच्याकडे महाबळेश्वरला कृष्णा गोमुखातून येते, पंचगंगेच्या देवळात पाच नद्या एका कुंडात, लोक ओंजळीत घेतात, तिला ती मोकळी जागा बघवेना. म्हणाली, निदान एक फूल तरी ठेव. जवळ फूल नव्हतं, लेकीने काठावरचं रानटी पांढरं काहीतरी तोडून दगडापाशी ठेवलं. मग खाली चालत गेलो, बऱ्याच वेळाने बुटांना ओल लागली, मग गवतात चमकणारी एक रेघ, धाकटा तिच्यावर एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून उभा राहिला आणि म्हणाला मी थेम्सवर पूल झालोय.

जुलै २०२५ मध्ये परतलो. गोरिंगपासून विंडसरपर्यंत सलग झालं, ऑक्सफर्डजवळचे दोन तुकडे झाले, उगमाकडचा एक. लेकीच्या वहीत ४५ पैकी २१ लॉक. मिक्सर परत आणून उपयोग नव्हता, तो आमच्याच गल्लीत नव्याने आलेल्या नाशिकच्या जोडप्याला दिला, ॲडॉप्टरसकट, आणि शेजारच्या आजींचा नकाशा मी त्यांना परत द्यायला गेले तर त्यांनी घेतला नाही, म्हणाल्या ह्या मुलीपुढे ठेव. तो आता इथे, ह्या लंडनमध्ये, तिच्या टेबलावरच्या भिंतीला लावलाय. रोज साडेतीनला ती शाळेतून येते आणि साताऱ्यात रात्रीचा एक वाजलेला असतो, म्हणून आता आईच पहाटे साडेचारचा गजर लावून उठते, इथे संध्याकाळचे सात होतात, आणि दोघी सतराचा पाढा म्हणतात.